‘नोस’ म्हणजे आम्ही की आपण?

मी एक जुनी वही आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी फार दमले आहे. कितीतरी लोकांनी मला उघडले, भिंग लावून पाहिले, एकाने तर हुंगलेसुद्धा. सगळ्यांचा प्रश्न एकच: हिच्यात लिहिले कोणी? मला मात्र कोणीच विचारले नाही. वह्यांना कोण विचारतो म्हणा!

माझी सुरुवात १९३१ सालची. अंधेरीजवळच्या मरोळ गावात पास्कू मास्तर राहत असत. ते चर्चच्या गायनमंडळाचे मास्तर होते, आणि लग्नाची गाणी रचण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. गाणी ते आपल्या गावच्या मराठीत रचत. पण देवाविषयी गंभीर काही लिहायचे तर ते लॅटिनमध्येच, असा त्या काळी चर्चचा रिवाज होता. गावातल्या म्हाताऱ्या जर्मन पाद्रीबाबांकडून, फादर उर्बानांकडून, मास्तर लॅटिन शिकले होते. देव आणि माणूस यांचे नाते काय, हे लिहून काढायला त्यांनी मला विकत आणले.

दुपारचे जेवण झाले की मास्तर, फादर आणि मी असे आम्ही तिघे फादरांच्या ओटीवर बसत असू. फादरांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. मास्तर लिहीत आणि मोठ्याने वाचून दाखवत. फादर व्याकरणाच्या चुका काढत आणि मधूनच डुलकीही काढत.

फादर गावात तीस वर्षे होते, पण एक गोष्ट त्यांना काही केल्या जमली नाही. ‘आम्ही’ कधी म्हणायचे आणि ‘आपण’ कधी, हे त्यांना कळत नसे. त्यांच्या भाषेत दोहोंना एकच शब्द, आणि लॅटिनमध्येही एकच, ‘नोस’. एकदा त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितले, “रविवारी आम्ही मासळी जेवू.” लोकांना वाटले, पाद्रीबाबा आपले जेवतील, आपला काय संबंध? बिचारे फादर पातेलेभर कालवण घेऊन दुपारपर्यंत एकटेच बसून राहिले. शेवटी मास्तर गेले आणि त्यांच्याबरोबर जेवले. हसून हसून मास्तरांची मुरकुंडी वळली होती. मग मात्र आठवडाभर ते तोच प्रसंग मनात घोळवत होते, आणि त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी माझे अठ्ठ्याऐंशीवे पान लिहिले. त्या पानाने पुढे माझा जीव खाल्ला.

दोन वर्षांनी मी भरले. पहिल्या पानावर नाव घालायचे तेवढे राहून गेले.

आधी फादर गेले, मग मास्तर गेले. मला गायनमंडळाच्या माळ्यावर कपाटात ठेवले. खालून लॅटिन गाणी ऐकू यायची, तोवर बरे वाटायचे. पुढे प्रार्थना मराठीत होऊ लागली. चांगलेच झाले, लोकांना देवाशी काय बोलतो ते कळू लागले. पण आम्हां लॅटिन पुस्तकांकडे कोणी फिरकेना. आमच्याकडे झुरळे तेवढी नेमाने येत.

१९६८ साली माळा साफ करताना मी सापडले. गावठाणात एकच गलका झाला, “ही तर पास्कू मास्तरांची!” कॉलेजात लॅटिन शिकवणारे डिमेलो सर मला घेऊन गेले. मंगळूरकडचे हे सर सज्जन माणूस, पण फार पक्के. तीन वर्षे त्यांनी मला वाचले आणि निकाल दिला: अक्षर मास्तरांचे आहे, विचार फादरांचे. लग्नाची गाणी रचणारा माणूस एवढे धर्मशास्त्र कुठून लिहिणार? फादरांना दिसत नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले आणि याने उतरवून घेतले. पुरावा म्हणून त्यांनी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बोट ठेवले. तिथे एक वाक्य निरर्थक आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला ऐकलेले समजलेच नाही.

फादर उर्बानांच्या नावाची चिठ्ठी माझ्यावर डकवायची ठरली, त्या दिवशी मास्तरांची मुलगी सिसिलबाय कॉलेजात आली. तिचे वय साठीच्या पुढे होते आणि जिने चढून तिला धाप लागली होती.

“सर, बापसाची गाणी गावाची झाली. नाव कोण घेत नाय. शेत होतं, तिथं कारखाना झाला. आता वही पण पाद्रीची?”

“बाई, माझा नाइलाज आहे. हे वाक्य बघा ना.”

“माना कुठं वाचता येतंय? तुम्ही वाचून दाखवा.”

सरांनी वाचले. “देव माणसात येऊन राहिला आणि म्हणाला, ‘नोन नोस, सेद नोस.’ म्हणजे, आम्ही नाही, तर आम्ही. याला काय अर्थ आहे?”

सिसिलबाय खुदकन हसली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

“अवो, आम्ही नाय, आपण! बापूस प्रत्येक लग्नात गायचा, ‘काल होतो आम्ही तुम्ही, आज झालो आपण.’ देवानं सोयरीक केली, असं लिवलंय त्यानं. आणि पाद्रीबाबाला तर जलमभर आम्ही-आपण कळलं नाय. त्याच्या मासळीची गोष्ट सांगू?”

तिने सांगितली. सर हसले नाहीत; त्यांच्या घरच्या कोंकणीतही दोहोंना एकच शब्द, ‘आमी’. त्यांनी ते पान पुन्हा वाचले, मग पुढची चार पाने वाचली, आणि फादरांच्या नावाची चिठ्ठी फाडून टाकली. मित्रांनो, मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

“पास्कू मास्तर असं लिहितो,” ते म्हणाले.

“थांबा. शेवटी काय लिवलंय?”

“नोस स्क्रिप्सिमुस. म्हणजे, नोस... लिहिलं.”

सिसिलबायने माझ्या शेवटच्या पानावरून बोट फिरवले. ज्या नावासाठी ती एवढे जिने चढून आली होती, ते एकट्याचे नाव आता तिच्या हातात होते.

“बापूस त्या म्हाताऱ्याला एकटा जेवू देत नव्हता,” ती म्हणाली. “मग एकट्यानं लिवलं असं कसं म्हणंल? ते पण आपणच असणार. दोघांचं लिवा. पण बापसाचं आधी!”

तिला हे कोणी सांगितले नव्हते. ती दुपार पाहणारी मी एकटीच उरले आहे. मास्तरांनी शेवटची ओळ वाचून दाखवली, तेव्हा फादरांनी विचारले होते, “पास्कू, हे नोस म्हणजे कोण?” मास्तर म्हणाले, “आपण, बाबा.” आणि फादर हळूच म्हणाले, “आपण.” तीस वर्षांत पहिल्यांदा ते बरोबर बोलले होते.

चिठ्ठीवर आता दोन नावे आहेत. कॉलेजच्या मोठ्या नोंदवहीत मात्र सरांच्या पहिल्या निकालानंतर चढवलेले फादरांचे एकट्याचेच नाव अजून आहे, ते बदलायचे राहून गेले. सिसिलबाय आता नाही. कोणीतरी नोंदवही वाचून मला मागवतो, चिठ्ठी पाहून चक्रावतो, आणि वाद पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, वही आणलीत की पहिल्या पानावर आधी नाव घाला. शेजारी बसून कोणी तुमच्या चुका काढत असेल, तर त्याचेही घाला. आणि आता मला मिटून ठेवा.