गारगोट्यांची झीज

मनोहरने दळणाच्या ढोलाचे झाकण काढले आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत कोपरापर्यंत हात घातला. एकेक गोळा बाहेर काढून तो धुऊन पुसून उन्हात मांडू लागला. पुढ्यात तीन घमेली होती. एकात जाम नदीतल्या गारगोट्या, दुसऱ्यात चिनीमातीचे गोळे आणि तिसऱ्यात मुंबईहून मागवलेले ॲल्युमिनाचे गोळे, भट्टीत भाजून कठीण केलेले, बोराएवढे, पांढरेशुभ्र.

पांढुर्ण्याच्या या कारखान्यात कपबशांच्या चकाकीसाठी लागणारी भुकटी दळली जाई. आडवा ढोल फिरे, आतले गोळे उसळून खाली आपटत आणि त्यांच्या माराने खनिजाचे पीठ होई. पण मारणाराही झिजतोच. कोण किती झिजते आणि स्वतःची किती घाण पिठात कालवते, ते पाहायला मालकांनी मनोहरला नागपूरहून बोलावून घेतले होते. आजवर काम नदीतल्या गोट्यांवर चालले होते, आणि ते वेचून आणायची मनकर्णा.

ती आत्ताही दारात उभी होती. डोक्यावरची टोपली उतरवायची सोडून ती तराजूच्या काट्याकडे पाहत होती.

वजने झाली. हातच्या काकणाला आरसा कशाला? गारगोट्या सगळ्यांत जास्त झिजल्या होत्या, चिनीमाती त्याहून बरी, आणि ॲल्युमिनाचे गोळे जसे घातले तसेच निघाले होते.

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतेत," मालक भगवंतराव हसले. "इथं तं भाजलेला गोळाच दगडाच्या वर निघाला! मी मुंबईले ट्रंक कॉल लावतो."

ते आतल्या खोलीत गेले. मनकर्णाने टोपली खाली ठेवली.

"मंग गोटे बंद, साहेब?"

"बंद करावे लागतील, बाई. पण तुम्ही काळजी करू नका. पोती शिवायच्या कामाला लावून घेऊ."

"कामाचं नाई म्हणून राहिली मी. काम वावरातबी हाय." ती तिथेच उकिडवी बसली. "तुमी फक्त गोटे घेत जा. मजुरी नोका देऊ."

मनोहर गोळा पुसता पुसता थांबला. बाई दर श्रावणात दुप्पट गोटे आणते, हे त्याने मजुरीच्या वहीत पाहिले होते. सणाच्या खर्चाला हातभार, असे तो धरून चालला होता.

"फुकट कशाला आणाल?"

तिने टोपलीतला एक गोटा उचलून तळहातावर फिरवला.

"माहं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मधात नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, दोनी गावं काठावरून एकमेकाले गोटे मारतेत, तुमाले माहीतच हाय. माहा नवरा या काठावर होता अन् भाऊ त्या काठावर. नवऱ्याच्या कानामागं गोटा बसला. घरी आणला तवा जीव नव्हता. भाऊ रडत आला. म्हणे, बाई, माह्याच हातचा तं नसन तो? मी काय सांगू? गोट्यावर काई नाव रायते? तवापासून तो इकडं येत नाई, मी तिकडं जात नाई."

हातातल्या फडक्याची उगाच घडी करीत मनोहर म्हणाला,

"पण बाई, नदीतले गोटे तुम्ही वेचून सरतील का?"

"नाई सरत. पण जो मी उचलला, तो त्या दिवशी कोणाच्या हाती लागत नाई."

आतल्या खोलीच्या दारात भगवंतराव उभे होते. ट्रंक कॉल लागला नव्हता, की त्यांनी लावलाच नव्हता, कोण जाणे. त्यांच्या भुवईवर जुना व्रण होता. तो कशाचा, हे पांढुर्ण्यात कोणी कोणाला विचारत नाही.

मनोहर त्यांच्याकडे वळला.

"साहेब, एक चाचणी राहिली. मऊ माल दळून गोळ्यांची खरी परीक्षा होत नाही. गारगोटीच दळून बघू. तशीही चकाकीच्या भुकटीत ती चालतेच."

भगवंतरावांनी मनकर्णाकडे पाहिले नाही. ते अंगणात तिने रचलेल्या गोट्यांच्या ढिगाकडे पाहत राहिले.

"घाला," ते म्हणाले. "अन् पोळ्यापर्यंत ही जेवढे आणन, तेवढे घाला. मजुरीसकट."

गोटे आधी फोडावे लागले. मनकर्णाने हातोडा दुसऱ्या कोणाला घेऊ दिला नाही. टोपलीतला शेवटचा तुकडा तिने स्वतः ढोलात टाकला आणि मनोहरने वर पांढरे गोळे ओतून झाकण आवळले.

ढोल फिरू लागला. आधी आत नुसता खडखडाट होता. मनकर्णा भिंतीला टेकून ऐकत बसली. दुपारचे जेवायलाही ती उठली नाही. हळूहळू खडखड बसत गेली, आणि उन्हे कलती झाली तेव्हा आतून पाऊस लागल्यासारखा एकसुरी आवाज येत होता.

मनोहरने झाकण काढले. गोळे तसेच होते. गारगोट्यांचा मागमूस नव्हता. तिने चिमूटभर भुकटी घेऊन बोटांत चोळली. कुठे काही टोचले नाही.

"याच्यातला कोणता गोटा कोणता, हे आता देवालेबी सांगता येणार नाई, नाई का?"

"नाही, बाई."

तिने मूठभर भुकटी लुगड्याच्या पदरात बांधली आणि रिकामी टोपली डोक्यावर घेतली. फाटकाबाहेर पडल्यावर घराकडे जायचे ते सोडून ती नदीच्या पुलाकडे वळली.

"तिकडे कुठे?" मनोहरने विचारले.

"सावरगावले," ती म्हणाली. "भावाले सांगून येतो. त्याले सांगतो, तो गोटा सापडला, अन् त्याचं पीठ झालं."