भरल्या ताटावरून

शैलजाच्या हातचं जेवलेला माणूस तिला नाही म्हणू शकत नाही, असं कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या मराठी मंडळात बोललं जायचं. वर्गणी असो की नाटकाची तिकिटं, लोक आधी अळूवड्या खायचे आणि मग निमूटपणे पाकीट काढायचे. बाईंना याचा अभिमान होता. तो लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही.

नवरा हेमचंद्र. पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये होता, आता घरं घ्यायचा, तीही अडलेल्यांची. कुणाची नोकरी गेली, हप्ते थकले, बँकेची जप्तीची नोटीस आली, की हा तिथे हजर. थकबाकी भरायची, घर आपल्या नावावर करून घ्यायचं आणि मूळ मालकाला तिथेच भाड्याने ठेवायचं. "अडचणीत माणसाला हात द्यावा," असं तो म्हणायचा. हात दिलेली माणसं वर्षभरात घर सोडून कुठे जायची, हे तो सांगत नसे. शैलजानेही कधी विचारलं नव्हतं. सुखाने चाललेल्या संसारात नसते प्रश्न कोण विचारतो?

२००८च्या उन्हाळ्यात दिगंबर त्याला सापडला. मूळचा नागपूरचा, चिप बनवणाऱ्या कंपनीतून कमी केलेला, मिलपिटासमध्ये घर, बायको यामिनी आणि दोन मुली. सोमवारी करारावर सह्या झाल्या. शुक्रवारी हेमचंद्र म्हणाला, "उद्या दुपारी दिगंबर-यामिनीला जेवायला बोलावलंय."

"पुढच्या शनिवारी नाही चालणार? माझे गुडघे..."

"नाही. उद्याच हवं."

केवढी ही माणसांची हौस, असं म्हणत शैलजाने फडताळातून ताटं काढली.

दोघं आली ती दडपलेलीच. दिगंबर दारातच म्हणाला, "काका, जरा बोलायचं होतं."

"उपाशीपोटी कसलं बोलणं? आधी जेव," हेमचंद्रने त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. शैलजाने मसालेभात वाढला, वड्या वाढल्या, नको नको म्हणत असताना आणखी दोन वाढल्या. दिगंबर मान खाली घालून खात होता. यामिनीने घासभरच खाल्लं. शैलजा बासुंदी आणायला उठली, तशी मदतीच्या निमित्ताने तीही मागोमाग आत आली.

"काकू, आज आमचा लास्ट डे आहे."

"कसला गं?"

"कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करायचा. फोरक्लोजरमधलं, जप्तीला आलेलं घर असं विकलं, तर कायद्याने आपल्याला पाच दिवस देतात. मन बदललं की लिहून द्यायचं, बास, संपलं. आज रात्री बारापर्यंत. काकांनीच तो फॉर्म दिलाय, द्यावाच लागतो."

"मग टाकायचा ना पोस्टात!"

"मीही तेच म्हटलं. तर हे म्हणाले, काकांना असं पोस्टाने पाठवणं बरं दिसत नाही, समोर जाऊन सांगतो. सही करून खिशात ठेवलाय." यामिनीने दारातून बाहेर बघितलं. "एजंट म्हणाला, आम्हीच मार्केटमध्ये विकलं तर बँकेचं देऊन मुलींच्या कॉलेजपुरतं राहील. पण आता हे नाही देणार. तुमच्याकडे जेवल्यावर तर नाहीच. मी काय करू, खिशात हात घालू त्यांच्या?"

शैलजाच्या हातात बासुंदीचं पातेलं होतं. तिला रेणू आठवली. तिचंही घर हेमचंद्रने असंच घेतलं होतं. गेल्या वर्षीचा असाच एक शनिवार. रेणू पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि तिचा नवरा अनीश मुकाट्याने जेवत होता. नंतर ती दोघं मंडळात फिरकलीच नाहीत. 'खाल्ल्या मिठाला जागली नाहीत,' असं शैलजानेच चारचौघांत म्हटलं होतं. त्याही वेळी हेमचंद्रला 'उद्याच' हवं होतं. आणि त्याआधीही.

तिला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, कारण वड्या तिने खरंच मनापासून केल्या होत्या.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, वैऱ्यालासुद्धा. शैलजाने तर असं काही आयुष्यात पाहिलंही नव्हतं. तिने पातेलं ओट्यावर ठेवलं, बाहेर गेली आणि दिगंबरच्या पुढ्यातलं ताट उचललं. त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, जेवतोय तो!" हेमचंद्र ओरडला.

"ऊठ, दिगंबर. हात धू," शैलजा म्हणाली. "माझ्या घरी तुझा अपमान झालाय. एवढा अपमान झाल्यावर कसली भीड धरतोस? खिशातला कागद दे त्यांना."

दिगंबरचे कान लालबुंद झाले. तो उठला. हात धुऊन आला, खिशातून कागद काढला आणि हेमचंद्रसमोर ठेवला. कागदाला त्याच्या ओल्या बोटांचे डाग पडले.

"काका, कॅन्सल करतोय."

हेमचंद्रने कागदाला हात लावला नाही. "राहू दे सध्या. संध्याकाळी शांतपणे बोलू."

"संध्याकाळी काही बोलायचं नाही," शैलजा म्हणाली. "त्याने दिला आणि तुम्हाला मिळाला. मी बघितलंय. कुणी विचारलं तर कोर्टातही सांगेन."

पाहुणे अर्धपोटी निघाले. जाताना यामिनी वाकून नमस्कार करायला लागली, तर शैलजाने तिला मध्येच थांबवलं. सवयीने डबा भरून द्यावा असं तिला वाटलं, पण तेही तिने टाळलं. गाडी गेल्याचा आवाज आला, तरी कागद हेमचंद्रसमोर तसाच पडून होता.

"मंडळात हे कळल्यावर," तो म्हणाला, "या घरात पुन्हा कुणी जेवायला येणार नाही."

"येऊच नये," शैलजा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.