खिरापत ओळखणारी

मुलुंडच्या त्या सोसायटीत भोंडल्याची खिरापत ओळखावी ती माणिकनेच. डबा कानाशी एकदा हलला, की ही सांगून मोकळी, "खोबऱ्याच्या वड्या!" बाकीच्या पोरी अश्शा चिडायच्या! काय दिवस होते ते. पाटावर खडूने काढलेला हत्ती, त्याच्याभोवती फेर आणि घसा बसेपर्यंत गाणी. नवव्या वर्षी मात्र माणिकने भोंडल्याला जाणंच सोडलं. का गं बाई, असं कुणी म्हणजे कुणीही विचारलं नाही.

आता ती शेहेचाळीस वर्षांची आहे. लहानपणी तिच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल ती दोन वर्षं घाटकोपरच्या समुपदेशक बाईंशी बोलतेय. गेल्या महिन्यात बाई म्हणाल्या, "त्या माणसाबद्दल पुष्कळ बोललो. त्याच्या आधीची माणिक कशी होती?" तेव्हा तिला तो डबा आठवला. नुसता आठवला नाही, कानाशी वाजला.

म्हणून यंदा तिने आपल्याच गच्चीवर भोंडला मांडला. बायका जमायच्या आधीच तिची आई, रत्नप्रभाबाई, हौसेने खिरापत घेऊन आली आणि तिने डबा हलवला.

"ओळख बघू! लहानपणी कशी पटकन ओळखायचीस. मग एकदम यायचीच बंद झालीस."

माणिकने डब्यावर हात ठेवला. "आधी तू ओळख, आई. का बंद झाले?"

आईने मान खाली घातली.

"खालच्या मजल्यावरचा नंदकुमार," आई म्हणाली.

पहिल्याच फटक्यात. डबा हलवावासुद्धा लागला नाही.