आधी काढून ठेवलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझं दार अजून एका बोटाने उघडतं, दाराचं रबर घट्ट आहे आणि बहरीनच्या भर उन्हातही माझ्या पोटातलं दूध नासत नाही. जनाबियाच्या बाजूला, समुद्राकाठी एक रिसॉर्ट आहे. त्याच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीत मला बसवलं आहे, तोंड रस्त्याकडे करून. येणारा-जाणारा कोणीही मला उघडू शकतो. मला कुलूप नाही, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

आखातातल्या फ्रीजला मराठी कसं येतं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. ज्यांनी माझे पत्रे वाकवले, कॉम्प्रेसर बसवला आणि नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासली, ती माणसं दिवसभर मराठीतच एकमेकांची फिरकी घेत असत. मला ट्रकवर चढवताना एक जण म्हणाला, "हळू रे, पोचा पडेल." तेवढ्या मायेवर मी समुद्र ओलांडला. पोचा मात्र पडलाच, डाव्या अंगाला. अजून आहे.

हे रिसॉर्ट कुठल्या एका शेठचं नाही. ते एका अरब कबिल्याचं आहे. पूर्वी या किनाऱ्यावर त्यांच्या होड्या लागत, त्यांच्या खजुराच्या बागा होत्या. आता तिथे खोल्या, पोहण्याचा तलाव आणि भलं मोठं स्वयंपाकघर आहे. कबिल्यातली वडीलधारी माणसं शुक्रवारी बैठकीला जमतात आणि रिसॉर्टचे सगळे निर्णय तिथे एकत्र घेतात. नफ्यातला एक वाटा गरजूंसाठी बाजूला निघतो, आंघोळीचं पाणी शुद्ध होऊन खजुराच्या झाडांना जातं. या बैठकीत हाजी ताहिर यांचा शब्द शेवटचा असतो.

त्या स्वयंपाकघरात मी उमेदीची वर्षं काढली. मासे, मटण, दही, फळं, काय काय सांभाळलं. तिथले मुख्य आचारी विल्फ्रेड, वसईचे. ते येणाऱ्या प्रत्येकाला माझं कौतुक ऐकवत. मग एक दिवस काचेच्या दारांचा, आतून निळा उजेड पडणारा नवा फ्रीज आला. कानामागून आला आणि तिखट झाला! माझा गॅस गळायला लागला होता हे खरं, पण त्यावर इलाज करायचा सोडून मला मोडक्या खुर्च्यांच्या कोठीत ढकललं. तिथे मी पुष्कळ दिवस बंद पडून होतो. कोणी दारसुद्धा उघडून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं झोहराने. ही हाजी ताहिर यांची पुतणी. रिसॉर्टमधला दानधर्म आणि पर्यावरणाचं काम तिच्याकडे असतं. दुरुस्त होण्यासारखी वस्तू ती फेकू देत नाही, यावरून सगळे तिला चिडवतात. तिने माझी गळती बंद केली, हवेला कमी त्रास देणारा नवा गॅस भरला, मला या भिंतीत बसवलं आणि डोक्यावर सावलीसाठी सौर पत्र्याचं छप्पर घातलं. त्याच पत्र्यातून मला दिवसा वीज मिळते. रोज बुफे संपला की पातेल्यांत कितीतरी चांगलं अन्न उरायचं आणि कचऱ्याच्या गाडीत जायचं. ते माझ्यात ठेवावं आणि गरजूंनी न्यावं, अशी तिची कल्पना होती.

गरजू तर समोरच होते. रस्त्यापलीकडे बंगल्यांचं बांधकाम चाललं होतं. उन्हाळ्यात दुपारी काम बंद असतं, तेव्हा तिथली माणसं माझ्या भिंतीच्या सावलीत येऊन बसत. त्यातली बरीचशी कोकणातली. त्यांचे म्होरके रावजी, कुडाळकडचे सुतार. त्यांचे डबे मेसमधून पहाटेच भरून येत आणि दुपारपर्यंत भातडाळ विटून जाई. मग ही मंडळी कोरडा खुबूस, म्हणजे इथली रोटी, ताकात बुडवून खात आणि त्यावर पाणी पीत.

माझं दार त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. मी गच्च भरलेला असे. तरी कोणी मला हात लावत नव्हतं.

झोहरा एकदा स्वतः विचारायला आली. रावजींनी उठून, हात जोडून हिंदीत सांगितलं, की आमची पोटं भरलेली आहेत, तुमची मेहरबानी आहे. आता कोकणातला माणूस 'पोट भरलंय' म्हणतो तेव्हा ते भरलेलं असतंच असं नाही, हे तिला कुठून कळणार? तिला ते खरं वाटलं. रोज संध्याकाळी माझ्यातले डबे बाहेर काढून टाकून द्यावे लागत. अन्न वाया जायचं थांबलं नाही, उलट ते गार करायला वीज मात्र लागू लागली. बैठकीत वडीलधारी माणसं म्हणाली, की खाणारा मफी, कोणीच नाही, मग फ्रीज कशाला? महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर खलास, भंगारात द्या.

मित्रांनो, तेव्हा मी घाबरलो. भंगाराच्या गाडीला मी पूर्वी पाहिलं होतं. ती वस्तू उचलत नाही, दाबते.

महिना संपत आला होता. एका दुपारी रावजी उठायला गेले आणि भोवळ येऊन माझ्या दारालाच टेकून खाली बसले. नेमकी तेव्हाच मथुरा डबे ठेवायला आली. मथुरा स्वयंपाकघरात विल्फ्रेड यांच्या हाताखाली काम करते, आणि तीही कुडाळचीच. तिने रावजींना पाणी पाजलं, माझ्यातलं ताक काढून पुढे केलं. रावजींनी मान फिरवली. तेव्हा ती रागावली. पाठीशी भरलेला फ्रीज आणि तुम्ही उपाशी मरताय, हा कसला हट्ट, असं तिने विचारलं.

रावजींनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं. "वाच ता. आमी हंय कोणाचा उष्टा खावक येवक नाय."

माझ्या कपाळावर एक पाटी होती. वर अरबी, मध्ये इंग्रजी, आणि खाली झोहराच्या सांगण्यावरून विल्फ्रेड यांनी लिहिलेली मराठी. 'उरलेलं अन्न. फुकट. पाहिजे तेवढं घ्या.' इंग्रजीत जो शब्द साधा दिसत होता, तो मराठीत ताटातून उठून आल्यासारखा दिसत होता. मी इतके दिवस ते कपाळावर घेऊन उभा होतो आणि मला ते पुसता येत नव्हतं. फुकट म्हणजे काय ते त्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यात त्यांनी फुकट काही घेतलं नव्हतं.

मथुराने समजावलं, की हे ताटातलं नाही, पातेल्यातलं आहे. रावजी म्हणाले, की पाहुण्यांचे डाव, चमचे त्यात फिरून गेले, मग मागे राहिलं ते आमच्या वाट्याला. नाव काहीही ठेव. मथुरा ताक त्यांच्याजवळ ठेवून तडक आत गेली.

तिने विल्फ्रेड यांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, की उद्यापासून बुफे मांडायच्या आधी या माणसांचं बाजूला काढू या. विल्फ्रेड दचकले. गेस्टच्या आधी बाहेरच्यांचं काढायचं, असं कुठल्या हॉटेलात असतं, असं त्यांचं म्हणणं. तोवर झोहरा तिथे आली होती. भांडण कशावरून आहे ते तिने विचारलं, आणि मथुराने तिला हिंदीत जे सांगितलं ते मी माझ्या पाठीमागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं.

"मॅडम, गाव में आदमी खेत पे काम करता है ना, उसका खाना घर में पहले निकालते हैं. फिर घरवाले बैठते हैं. खेतवाले को बचा हुआ कोई नहीं भेजता."

झोहराने विल्फ्रेड यांना सांगितलं, की उद्या एक दिवस असं करून बघा, आणि स्वतः काकांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बुफेची झाकणं उघडायच्या आधी मथुराने सुरमईचं कालवण, भात, भाजी स्टीलच्या डब्यांत भरली आणि गरमागरम माझ्यापाशी आणली. डबे अजून तिच्या हातात होते, तेवढ्यात भिंतीला वळसा घालून काठी टेकत हाजी ताहिर आले. एवढ्या उन्हात ते बाहेर पडलेले मी कधी पाहिले नव्हते. मागून झोहरा आणि विल्फ्रेड. सावलीतली माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, आटोपलं आपलं.

हाजींनी पाटीकडे पाहिलं आणि खालची ओळ काय म्हणते ते विल्फ्रेड यांना विचारलं. विल्फ्रेड यांना काही गोड सांगता आलं असतं. पण त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि रावजींना ते कसं लागलं तेही. सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

हाजी तरुणपणी बाब अल बहरीनच्या बाजारात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या शेजारी दुकान चालवत, तिथे शिकलेली हिंदी त्यांना येते. ते रावजींकडे वळले. "मेरा माँ रमजान में इफ्तार से पहले पड़ोसी का थाली भेजता था. पहले उसका, बाद में हमारा. इधर हम उल्टा किया. गलती हमारा है."

विल्फ्रेड यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पाटी उतरवली. मग रावजींसमोर उभे राहून म्हणाले, "काका, शब्द चुकला माझा. मनात तसं नव्हतं."

"शब्द चुकलो, माणूस नाय," रावजी म्हणाले आणि त्यांनी मथुराच्या हातून डबा घेतला.

पण ते लगेच खायला बसले नाहीत. त्यांच्याकडे समोरच्याला विचारल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. त्यांनी हाजींना जेवायला बोलावलं. हाजी एका फळीवर बसले आणि सुरमईचं कालवण त्यांच्यासोबत बोटांनी खाल्लं. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळे हसले. मी त्या दिवशी रिकामा राहिलो, आणि एवढा आनंद मला भरलेला असतानाही झाला नव्हता.

मला भंगारात द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. माझ्या कपाळावर आता पाटीच नाही. रोज आधी डबे निघतात, मग बुफे लागतो. मजा अशी, की आधी मोजून काढायची सवय लागल्यावर विल्फ्रेड पातेलीही बेताची चढवू लागले. आता कचऱ्याची गाडी बरीच हलकी जाते. झोहरा हे बैठकीत ऐटीत सांगते, आणि हाजी आपल्यालाच सुचल्यासारखी मान डोलावतात. चालायचंच.

बंगल्यांचं काम पुरं झालं तशी रावजींची माणसं दुसऱ्या साइटवर निघाली. निघायच्या सकाळी ते एकटेच आले. गावाहून कोणीतरी त्यांच्यासाठी खाजा आणला होता, जत्रेत मिळतो तो, गूळ आणि आलं घातलेला. त्यांनी पुडा सोडला, त्यातला मोठा वाटा स्वच्छ कागदात बांधला आणि माझ्या मधल्या फळीवर ठेवला. बाकीचा घेऊन ते आपल्या माणसांकडे गेले. गाडी सुटताना मी त्यांना खाजा वाटताना पाहिलं.

थोड्या वेळाने झोहराने माझं दार उघडलं. पुडी पाहून तिने मथुराला विचारलं, की कोणी आपली वस्तू इथे विसरून गेलं का?

मथुराने पुडी उघडून वास घेतला. कोणाची ते तिने लगेच ओळखलं. "भूले नहीं, मॅडम," ती म्हणाली, "पहले निकाल के रखा है."

झोहराने त्यातला एक तुकडा तोंडात टाकला, आणि बाकीचा खाजा तसाच बांधून परत माझ्यात ठेवला. संध्याकाळी सायकलवरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने तो नेला.

मित्रांनो, आज घरी जेवायला बसाल तेव्हा भांडं रिकामं व्हायची वाट बघू नका. कोणाचं तरी पान आधी काढून ठेवा, मग तुम्ही पोटभर जेवा. घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल तर फेकण्याआधी तिचं दुखणं एकदा विचारा. आणि कधी जनाबियाकडे आलात तर मला खुशाल उघडा. फक्त दार लावताना जरा हळू, रबर जपायला हवं. मला अजून पुष्कळ जणांना वाढायचं आहे.