कडुनिंबाखालच्या दोन खोल्या

कुंदाबाईकडे गॅस आला तेव्हा मी हसून पेढा खाल्ला आणि घरी येऊन स्टोव्हला पिन मारता मारता रडले. तिचा नवरा आणि माझा नवरा दोंडाईच्याच्या एकाच शाळेत मास्तर, पगार सारखा. तरी सगळं आधी तिच्याकडेच कसं यायचं, देव जाणे. त्यात मंजुळाअक्काच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि त्याही कुंदाबाईला हव्यात असं कळलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, आम्हाला जागा सोडणं भाग होतं. तिला नुसती मोठी जागा हवी होती.

आणि जागा तरी कशी! अंगणात नळ, कडुनिंबाची सावली, भाडं मास्तराला झेपेल एवढं. बाकी गावात होतं ते स्टेशनपलीकडे पत्र्याखाली, नाहीतर आमच्या ऐपतीबाहेर.

मंजुळाअक्का एकटीच राहायची. मुलगा सुरतेला, मुलगी नव्हतीच. "आखाजी होऊ दे, मंग सांगसू," असं तिनं दोघींनाही सांगितलं.

कुंदाबाई साक्रीकडची, सरळ बाई. जायची, 'मालकीणबाई' म्हणून भाड्याचं विचारायची, चहा पिऊन परत यायची. अशानं कुठे घर मिळतं? मी थेट चुलीपाशी बसायला लागले. अक्काचे पापड लाटले, तिची वेणी घातली, तिला 'माय' म्हणू लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. मी सावद्याला निरोप धाडला की यंदा येत नाही. आई रुसली. म्हटलं, रुसू दे, घर मिळालं की समजूत काढू.

आखाजीला अक्कानं कडुनिंबाला झोका बांधला. मी खापरावर मांडे टाकले, तिनं आमरस केला. माझी ओटी भरली, चोळीचा खण दिला, माझ्या नवऱ्याला बोलावून टोपी-रुमाल दिला. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाई मन्ही पोर शे." मी झोक्यावर बसून मनातल्या मनात खिडक्यांना पडदे लावत होते, आणि कुंदाबाईचं तोंड कसं पडेल ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला गेले.

"किल्ली ते कुंदाबाईले दिनी," अक्का म्हणाली.

"अहो, पण मी तुमची लेक ना?"

"म्हनीसनच! पोरकडथून भाडं लेऊ का मी? नि जवाईले घरमा ठेऊ? बठ्ठं गाव हासी."

"घ्या हो भाडं! मला चालेल!"

अक्कानं दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या भाड्यावरच तिचं घर चालायचं, हे मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मायेनं आलं, तिनं पदरानं पुसलं.

आम्ही पत्र्याखाली गेलो. मी हापशावरून पाणी वाहत होते, आणि प्रत्येक घागरीला मला कुंदाबाईचा नळ आठवायचा. अंगाची आग आग व्हायची.

पुढच्या आखाजीला अक्काचं बोलावणं आलं. लेक म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? अक्का मांडे करायला आत गेली, मी झोक्यावर बसले. कुंदाबाई बादली घेऊन नळाशी आली. तिच्या खिडक्यांना पडदे होते, हिरवे. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच.

बादली वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. "साक्रीला आता माझं कुणी उरलं नाही," ती हळूच म्हणाली. "वर्षभर एका अंगणात राहते, पण अक्का मला अजून मास्तरीणबाईच म्हणतात. तुमचा हेवा वाटतो हो."

ती बादली उचलून आत गेली. तिथून उठून पत्र्याखालीच जायचं होतं. मी पाय रेटून झोका जोरात चढवला, आणि ऊन उतरेपर्यंत खाली उतरले नाही.