काकांच्या कार्डांची पेटी

मी पेटी बोलतेय. लाकडाची, पितळी कडीची. एका सुताराने मला कुणाच्या तरी बियाण्यांसाठी घडवलं. पण गिऱ्हाईक फिरकलंच नाही. जुन्या बाजारात धूळ खात होते, तिथून काकांनी उचललं.

काका निवडणुकांच्या प्रचाराचं काम करायचे. उमेदवार बदलत, पक्षही बदलत, काका तेच. कोणत्या वस्तीत कुणाचा शब्द चालतो, कोणती घोषणा अंगाशी आली, सभेत लोक कशावर हसले, हे ते जाड कार्डांवर टिपून माझ्या पोटात टाकत. निवडणूक सरली की बाकीचे लोक सगळे कागद रद्दीत घालून मोकळे होत. काका म्हणत, "हरलो म्हणून शिकलेलंही फेकायचं?"

लिहायचे मात्र तुटक. दोन शब्द, एक बाण, झालं. त्यांच्या हाताखाली काम करणारी त्यांची पुतणी वैतागायची.

"काका, हे दुसऱ्या कुणाला कळणार तरी कसं?"

"मला कळतंय ना? मग बास!"

पुढे ऐन प्रचारात काकांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. तोंडून 'हो' आणि 'नाही' एवढंच निघे.

टेकडीवरच्या वस्तीत सभा ठरली होती. उमेदवार बाईंचं भाषण तयार होतं : घरोघरी नळ देऊ. पुतणीने त्या वस्तीचं कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'पाणी नव्हे. भिंत.' कार्यालयात कुणालाच अर्थ लागेना. तिने मला काखोटीला मारलं आणि थेट इस्पितळ गाठलं.

"काका, भिंत बांधायचीय का?"

"नाही."

"पाडायचीय?"

"हो."

"रस्ता अडतो?"

"हो! हो!" काकांनी धडधाकट हात चादरीवर आपटला.

विचारत विचारत सगळं बाहेर आलं. कारखान्याने घातलेल्या भिंतीमुळे आजाऱ्यांना टेकडीला वळसा घालून दवाखान्यात न्यावं लागे. नळाचं आश्वासन तर प्रत्येकानेच देऊन झालं होतं. त्यावर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता.

बाईंनी भाषण बाजूला ठेवलं. आधी भिंत पाहून आल्या, मग बोलल्या. त्या वस्तीने त्यांना भरभरून मतं दिली. तरीही त्या निवडणूक हरल्या. भिंतीचा पिच्छा मात्र त्यांनी सोडला नाही. आज तिथे ये-जा करायला दार आहे.

निकालानंतर पुतणी रोज दुपारी काकांपाशी बसू लागली. एकेक कार्ड समोर धरायची, विचारायची, आणि पूर्ण वाक्यांत नवं कार्ड लिहायची. काही कार्डं पाहून काका नुसतेच खिडकीबाहेर बघत. त्यांनाही आठवत नसे. ती तिने वेगळी ठेवली, टाकली नाहीत.

आता काका नाहीत. मी पुतणीच्या टेबलावर असते. शेजारी तिचा संगणक आहे, पण नव्याने कामाला लागलेली माणसं आधी मला उघडतात. न कळलेल्या कार्डांशी बराच वेळ थांबतात.

तुमच्याही घरात, कचेरीत कुणीतरी सगळं डोक्यात घेऊन वावरत असेल. बोलता आहे तोवर त्याच्यापाशी बसा. कोरी कार्डं माझ्याकडून घेऊन जा.