नांदूरघाटात चंदगडचा पाऊस

"हे सांगितलं तर तुमाला पटायचं न्हाई, पाव्हणं. आजवर एकालाबी पटलेलं न्हाई," मी म्हणालो.

पाहुण्याच्या हातात कलिंगडाची फोड होती आणि नजर मेंढ्यांवर. बंकट नाव त्याचं. गेवराईकडचा, मोसंबीच्या बागा बघत हिंडणारा. केजला जाणारी जीप भरेपर्यंत नांदूरघाटच्या स्टँडसमोर कडुलिंबाखाली उभा होता. तिथंच कासमचा कलिंगडांचा गाडा असतो. चैत्रातली दुपार, लिंबाचा मोहोर फोडींवर पडत होता आणि कासम तो फुंकून फुंकून फोडी विकत होता. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभ्या होत्या, धापा टाकत. सगळा कळप मिळून एकच घोंगडी वाळत घातल्यासारखा.

"पटंल न पटंल, सांगा तर," बंकट म्हणाला. "एवढ्या उन्हात ह्या मेंढ्यायच्या अंगावर लोकर कावून ठेवलीय? आमच्याकडं फाल्गुनातच कातरत्यात."

मी बुंध्याच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं सटवा धनगर बसला होता. तोंड रस्त्याकडे, कान आमच्याकडे. त्या आगीत त्यानं खांद्यावर घोंगडं घेतलं होतं आणि गुडघ्यावर मोबाईल धरला होता. मधूनच त्यावर बोट फिरवायचा, बघायचा, परत विझवायचा.

"मालक त्यो. आन कारण त्याच्या हातात हाय."

"मोबाईल?"

"हवामान," मी म्हणालो.

मग मी सांगायला लागलो.

सटवाला आभाळातलं काही कळत नाही, हे आधी ध्यानात घ्या. जन्म मेंढ्यांमागं गेला, डोंगर पालथे घातले, कुणाकुणाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या, पण ढग आला की तो मलाच विचारायचा, "तात्याबा, ह्यो पावसाचा हाय का?" मी हो म्हणायचो. नाही म्हटलं तर बिचारा पुढचा ढग येईपर्यंत तिथंच उभा राहायचा. असा हा माणूस, आणि ह्या साली गावाला रोजचा हवामानाचा अंदाज सांगायला लागला.

झालं असं की माघात एकदा तो मोबाईल घेऊन इथं आला. लिहिता-वाचता येत नाही, पण त्यातली चित्रं कळतात. सूर्य, ढग, ढगाखाली थेंब. म्हणाला, "आज पाऊस हाय." लोक हसले. आणि संध्याकाळी गारा पडल्या. गारा म्हणजे कशा, एकेक नारळाएवढी. एक मी उचलून घरच्या रांजणात टाकली, तिनं पाडव्यापर्यंत पाणी गार ठेवलं.

"खरं?" बंकटनं कासमकडे बघितलं.

"रांजण मी बघितलाय," कासम म्हणाला. "गारीचं मला म्हाईत न्हाई."

त्या दिवसापासून गाव सटवाच्या मागं लागलं. सरकारी निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर येतोच, पण त्यात असतं, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस. आता नांदूरघाट तुरळक की दाट, हे कुणी ठरवायचं? सटवाचं तसं नव्हतं. तो सांगायचा, दुपारनंतर पाऊस. बस्स.

आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. तो पाऊस म्हणाला की इथं ऊन. तो म्हणाला गार वारं, की डांबर चपलेला चिकटायचं. एकदा तो ऊन म्हणाला, तर नेमका त्या दिवशी दहा थेंब पडले आणि लोकांची वाळवणं भिजली. लोकांना कळेना की फसतोय कोण, सटवा की आभाळ. गावातल्या राधाकिशननं सटवाचं ऐकून काढलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकली. आत कांदा शिजला. त्या वाटेनं जाणारा माणूस नुसती भाकरी सोडून बसायचा, वासावर जेवण व्हायचं. पलीकडच्या आळीत लग्न होतं. नवरदेवाला घोड्यावर रेनकोट घालून बसवला. वरात मारुतीपाशी आली, रेनकोट काढला, तर आतून एवढं पाणी पडलं की म्हातारी माणसं म्हणाली, सटवा खोटं बोलला नव्हता, पाऊस झाला, फक्त आतून झाला.

बंकट हसता हसता बी गिळून बसला. कासमनं त्याच्या पाठीत थाप मारली.

"मग कुणी इचारलं न्हाई त्याला?"

"इचारलं की. ह्या कासमच्या पोरीनं."

खुशनुमा कासमची थोरली. शाळेपासून सटवाच्या सुकन्याची मैत्रीण. सकाळीच बापाचा डबा घेऊन गाड्यावर यायची. शिमग्याच्या आदल्या दिवशी तिनं सटवाच्या हातातला मोबाईल घेतला, बघितला आणि म्हणाली, "मामा, ह्ये आपल्या गावाचं हवामानच न्हाई. वर चंदगड लिहिलंय."

"कुठशिक आलं ते?"

"लई लांब. कोल्हापूरच्या पल्याड."

"आन ह्यात कुणी घातलं?"

पोरगी बापाकडं बघायला लागली. तिनं नाव का घेतलं नाही हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, पण बंकट पाहुणा, म्हणून त्याला सांगितलं. बोलताना आवाज थोडा खाली घेतला. सटवाची बायको लवकर गेली. पोर त्यानंच वाढवली, मेंढ्यांत. गेल्या कार्तिकात सुकन्या ऊस तोडायच्या यंत्रावरच्या एका ड्रायव्हरबरोबर गेली. अभिमन्यू नाव. पोरगं चांगलं, पण दुसऱ्या समाजाचं. लग्न केलं आणि त्याच्याबरोबर चंदगडकडं कारखान्याच्या भागात पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. जाताना मोबाईल चुलीवरच्या फळीवर ठेवून गेली, बापानं फोन करून शिव्या द्यायला नको म्हणून असेल, नाहीतर बापाजवळ आपलं काहीतरी असावं म्हणून असेल. सटवानं देवळापुढं चार माणसांत सांगून टाकलं, "आजपास्नं माझ्या दारात तिचं नाव निघायचं न्हाई." आणि ते निघालं नाही.

"सुकीनंच घातलंय ते, मामा," खुशनुमा म्हणाली होती. "तो मागच्या साली तिकडं मशीनवर होता ना. ती रोज बघायची, तिकडं ऊन हाय का पाऊस."

सटवा मोबाईलकडं बघत राहिला. ढगाखाली तीन थेंब होते.

"बदलू का? लगेच आपलं गाव लावून देते."

सटवानं मोबाईल काढून घेतला आणि बंडीच्या खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे. मेंढ्यायला सवय झालीय."

"मेंढ्यायला," बंकट म्हणाला. तो आता हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा परत गाड्यापाशी येऊन उभा. गावाला वाटलं, आता तरी नीट सांगेल. तो मोठ्यानं म्हणाला, "आज वळीव हाय. पत्र्याची घरं असतील त्यानी पत्र्यावर दगडं ठिवावी." वर बघावं तर आभाळ घासलेल्या परातीसारखं. लोक चिडले. कुणी म्हणालं, याच्या डोक्यात ऊन गेलंय. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी खुशनुमा तराजू पुसता पुसता, कुणाकडंही न बघता म्हणाली, "काल वारं लई सुटलं म्हणं. पत्रा हालला, पण उडाला न्हाई."

"कुठला पत्रा, बे?" राधाकिशन माझ्याकडं वळून म्हणाला. "काल तर पानबी हाललं न्हाई."

सटवा उठला, मेंढ्यांना हाक घातली आणि निघून गेला. चालताना मात्र काठी खांद्यावर आडवी, मोकळ्या माणसासारखी.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. सकाळी हा येऊन चंदगडचं हवामान नांदूरघाटला सांगतो. ते खुशनुमा फोनवरून सुकीला पोचवते आणि तिकडची खबर दुसऱ्या दिवशी कलिंगडांना सांगते. एकदा ती म्हणाली, "भिजल्यानं खोकला झालाय म्हणं." सटवा दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "हवेत गारवा हाय. समद्यानी गरम पाणी प्यावं." त्या दिवशी ऊन असं होतं की कासमच्या गाड्यावरची कलिंगडं आतून उकळली. आम्ही ती फोडून बशीत ओतून, फुंकर मारत प्यालो. तरी निम्मं गाव गरम पाणी प्यालं, कोण जाणे काय खरं असेल म्हणून.

"बशी मीच दिलती," कासम म्हणाला.

"आन लोकर?" बंकटनं विचारलं.

"कातर काढून धार लावतो बघा. मग मोबाईल बघतो. तिकडं ढग असला की म्हणतो, अशा गारव्यात कातरली तर मेंढी गारठून मरंल. आन कातर गुंडाळून ठेवतो. हिकडं ती मेंढी उन्हानं जीभ काढतीया."

"तसं न्हाई हो पाव्हणं," कासम सुरी पुसत म्हणाला. "कातरायला दोन माणसं लागत्यात. एकानं मांडीवर मेंढी धरायची, एकानं कातर चालवायची. धरायची ती त्याची लेक. आता धरायला कुणी न्हाई, दुसऱ्याला हा हात लावू देत न्हाई. हवामानाचं नाव सांगतो झालं."

"तू कलिंगड काप," मी म्हणालो.

पलीकडं सटवानं पुन्हा मोबाईल पेटवला. आता त्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं, कासमलाही होतं. आज सकाळी तो आला होता आणि म्हणाला होता, "आज सांजच्याला ईजा हायत. पत्र्याखाली थांबू नये. पक्क्या घरात जावं." गाड्यामागून काहीच हालचाल झाली नाही. त्यानं गाड्यामागं वाकून बघितलं. मग तेच परत, आणखी मोठ्यानं सांगितलं. कासम म्हणाला, "सटवाभाऊ, खुशी न्हाई. पहाटंच्या एसटीनं मायलेकी गेवराईला गेल्या, लग्नाला." तेव्हापासून सटवा लिंबाखाली बसला होता. भाकरी सोडली नव्हती. मेंढ्या पाण्यावर नेल्या नव्हत्या. मोबाईल पेटवायचा, ते विजेचं चित्र बघायचा, विझवायचा.

कासमनं खिशातून आपला फोन काढला. हळूच म्हणाला, "तात्या, मी खुशीला लावून सांगू का? ती तिकडं कळवील."

मी त्याच्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरानं. त्यानं माझ्याकडं बघितलं, सटवाच्या पाठीकडं बघितलं, आणि फोन खिशात टाकला.

"मग पुढं?" बंकट म्हणाला. स्टँडवर जीपवाला 'केज, केज' ओरडत होता, पण हा काही हलत नव्हता. "आसंच चाललंय का आजून?"

"न्हाई ना," मी म्हणालो आणि आवाज जरा चढवला. "काल मिटलं समदं. त्येच तर सांगतोय. काल कासमची पोरगी गावाला गेली, आन नेमकी त्याच दिवशी चंदगडला ईज दावली मोबाईलनं."

कासम माझ्याकडं बघायला लागला. मी थांबलो नाही.

"आता निरोप कुणाजवळ द्यायचा? हा बसला हितंच, झाडाखाली. उठावं तर पाय उठंना, बसावं तर जीव बसंना. देवळापुढं बोललेला शब्द एकीकडं आन पत्र्याचं घर एकीकडं. सुकीचा नंबर त्याच मोबाईलमधी हाय, खुशीनं शिमग्यालाच घालून ठेवलाय. ह्याला वाचता येत न्हाई म्हणून नावाच्या जागी कोकराचं चित्र लावलंय. कोकरावर बोट ठेवलं की लागतो."

हे मात्र खरं होतं. खुशनुमानं मला स्वतः दाखवलं होतं.

बुंध्यापलीकडं मोबाईल पेटला होता, तो विझला नाही.

"शेवटाला ठेवलं बोट. तिकडनं पोर म्हणाली, कोण? ह्यानं आधी घसा खाकरला. मग म्हणाला, आज पत्र्याखाली थांबू नगं. बस, एवढंच. दुसरं कायबी न्हाई, कुठं गेलतीस न्हाई, कावून गेलतीस न्हाई. ती म्हणाली, बरं बाबा. आन दोघं कितीतरी वेळ तसेच, फोन कानाला लावून. तिकडं ढग गडगडत व्हते, ते ह्याला हितं ऐकू येत व्हतं."

"आन?"

"आन काय. रातच्या गाडीला बसली नवऱ्याला घिऊन. आज पहाटं उतरली ह्याच स्टँडवर. सध्या घरी निजलीय, परवासानं आंबून गेली पोर. उद्यापास्नं मेंढ्या कातरायच्या हायत. ती धरंल, हा कातरंल."

बंकटनं हातातली साल मेंढ्यांपुढं टाकली आणि तोंड पुसलं. त्याचे डोळे भरून आले होते. "लई बरं झालं," तो म्हणाला. "माझीबी बहीण हाय अशीच. लई बरं झालं बगा." तो बुंध्याला वळसा घालून सटवापुढं गेला आणि वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, चांगलं केलंत. लेकरू घरी आलं तुमचं."

सटवा उठला. घोंगडं खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही. त्यानं पाहुण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, बराच वेळ. त्याचा अंगठा मोबाईलच्या काचेच्या वर, टेकलेला नाही, नुसता धरलेला.

"पाव्हणं, ह्यो म्हातारा लबाड हाय," तो म्हणाला. "ती आली न्हाई. म्या फोनच केला न्हाई अजून."